मॅनिफोल्ड: कापून जोडावा की नवा घडवावा?

जुन्या जीपमध्ये दुसरे डिझेल इंजिन बसवताना त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतील जळालेला वायू एकत्र करून बाहेर नेणारा भाग) पुष्कळदा स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा चॅसिसला अडतो. अशा वेळी मूळ बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड कापून त्याचे तोंड वळवता येते किंवा नळ्यांचा नवा घडवता येतो.

बिडाच्या कामाला साहित्य थोडे, पण कौशल्य फार लागते. भाग आधी सर्वत्र सारखा तापवून, निकेलच्या रॉडने थोडे थोडे वेल्डिंग करून, तो कोरड्या वाळूत सावकाश निववावा लागतो. घाई केल्यास सांध्यालगत तडा जातो. काम नीट साधले, तर त्याच्या जाड भिंती टर्बोचे (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राचे) वजन विनातक्रार पेलतात.

नळ्यांचा मॅनिफोल्ड हवा तसा वळतो, मात्र रत्नागिरी ते वेंगुर्ले पट्ट्यातील खाऱ्या हवेत साध्या पोलादाची पातळ नळी लवकर गंजते. 304 प्रतीचे स्टेनलेस पोलाद अधिक टिकते. तथापि ते तापल्यावर बिडाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावत असल्याने फ्लँज (इंजिनाला बोल्टने जोडायची सपाट पट्टी) जाड आणि बोल्टची छिद्रे किंचित सैल ठेवावीत.

केवळ तोंडाचा कोन बदलायचा असेल आणि बीड वेल्डिंगचा जाणकार कारागीर जवळ असेल, तर किनाऱ्यावर मी बीडच निवडेन. इंजिनबदलाला मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार परिवहन कार्यालयाची मंजुरी दोन्ही पर्यायांत आवश्यक आहे.