जानेवारीतला लाइव्ह पाऊस आणि माझे ६२,७४० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो: बासष्ट हजार सातशे चाळीस रुपये. वेबसाइटवर आलेख लावून देतो म्हणणाऱ्या एका मुलाला मी हे पैसे दिले. पाच हप्त्यांत, आणि पाचही वेळा यूपीआयचा पिन स्वतःच्या बोटाने दाबून. मी कोण, तर ३४ वर्षं हिशेब खात्यात काढलेला माणूस. दुसऱ्यांची व्हाउचरं शेरे मारून परत पाठवण्यात हयात गेली. घरात हे कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही, पण न बोललेलंही ऐकू येतं.

आलेख कशाला हवे होते ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला नसते चाळे सुचले असं वाटेल. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर मोजला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. मी त्या रात्री ऑफिसातून चालत निघालो तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. नंतर पेपरात ते दोन आकडे शेजारी शेजारी वाचले आणि डोक्यात बसलं की आपल्या गच्चीवर पडला तो आपला पाऊस, बाकीचा बातम्यांतला. पुढच्या जूनपासून गच्चीत पर्जन्यमापक बसवला. वेधशाळेच्या रीतीने रोज सकाळी साडेआठला मोजायचं, मागच्या २४ तासांचा आकडा वहीत लिहायचा. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, १९ पावसाळे, म्हणजे २,३१८ नोंदी. तापात मोजलंय, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मोजलंय. २०११ च्या वहीवर चहा सांडलाय, पण आकडे वाचता येतात.

हे सगळं वेबसाइटवर टाकायचं, वर्षावर बोट ठेवलं की त्या वर्षाचे उभे दांडे यावेत, दांड्यावर बोट नेलं की तारीख आणि मिलिमीटर दिसावेत, दोन वर्षं एकमेकांवर ठेवून बघता यावीत, एवढीच माझी मागणी. शिवाय खाली मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा साठा: मोडकसागर, तानसा, भातसा, विहार, तुळशी आणि दोन्ही वैतरणा.

डिसेंबर २०२४ मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘आपला मराठी मुलगा आहे, नवीन धंदा टाकलाय, काम द्या.’ कुणी पाठवला होता ते आता कुणालाच आठवत नाही. मला राग त्याचाही आहे. फॉरवर्ड करायला पैसे पडत नाहीत म्हणून करायचं, आणि नंतर ‘मला पण कुणीतरी पाठवला होता.’ ओळखीतून आलाय म्हणजे भरवशाचा, हा समज आधी डोक्यातून काढा. त्या मुलाला आमच्या ग्रुपातलं कुणीसुद्धा ओळखत नव्हतं.

दादरला एका उडप्याकडे भेटलो. कॉफी मीच पाजली. काका, माझं आजोळ पण देवगडचं, म्हणाला. वही हातात घेण्याआधी त्याने रुमालाला हात पुसले. तुम्ही म्हणाल, नाटक. मला त्या वेळी भरून आलं होतं. १९ वर्षांत त्या वह्यांना कुणी हात पुसून हात लावला नव्हता, आमच्या घरातल्यांनीसुद्धा नाही.

तर हप्ते. पहिला १२,००० आगाऊ. दुसरा २१,२४०, ‘चार्ट लायब्ररीचं (आलेख काढून देणाऱ्या तयार कोडचं) तीन वर्षांचं लायसन्स’, म्हणजे १८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. तिसरा ९,४४० डोमेन आणि होस्टिंगचे, म्हणजे साइटचं नाव आणि ती ठेवायची जागा. चौथा १४,१६० वह्यांची डेटा एंट्री. पाचवा ५,९०० ‘महापालिकेच्या सर्व्हरला जोडायची फी’. शेवटच्यावर हसू नका. तलावांचा साठा महापालिका रोज जाहीर करते आणि कुणालाही फुकट वाचता येतो, हे मलाही ठाऊक होतं, मी रोज बघतो. पण वाचणं वेगळं आणि आपोआप जोडणं वेगळं, असं त्याने समजावलं. पटलं.

बिलं रीतसर होती हो! छापील लेटरहेड, शिक्का, खाली बारीक अक्षरात अटी. आणि इथेच माझी मान खाली जाते. पत्ता ठाण्याचा, गिऱ्हाईक मुंबईचं, आणि बिलात लावलाय आयजीएसटी, जो दोन राज्यांमधल्या व्यवहाराला लागतो. राज्यातल्या राज्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी नऊ-नऊ टक्के लागतो, हे मी निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं ज्युनिअर पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. जीएसटी नंबरही २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा असता तर २७ ने झाला असता. चारही बिलं माझ्या टेबलावर पडून होती, मी फाइलला पंच करून लावली. नंतर जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून पाहिला तर तो भलत्याच कुठल्या कापडाच्या दुकानाचा निघाला. हा शोध फुकट आहे, अर्धं मिनिट लागतं. पैसे देण्याआधी करा. पैसे ज्या खात्यावर गेले ते नावही बिलावरचं नव्हतं, ‘ताईचं अकाउंट आहे काका, माझ्या अकाउंटला लिमिट लागलंय.’ हे वाक्य ऐकलंत तर कॉफीचे पैसे देऊन उठा.

पण ते सगळं कागदावरचं झालं. मला रात्री झोपेतून उठवतं ते वेगळं आहे.

१९ जानेवारी, रविवार. त्याने लिंक पाठवली, ‘काका, डेमो बघा.’ उघडलं. निळे दांडे खालून वर उगवत आले, एकामागोमाग एक, हार्मोनियमच्या पट्ट्या उठाव्यात तसे. बोट नेलं तर छोटा काळा चौकोन उघडून त्यात तारीख आणि आकडा. वर मोठ्या अक्षरात ‘आजचा पाऊस: ४१ मिमी’. मी पान पुन्हा लोड केलं तर ६३ झाले. पुन्हा केलं, १७. दांडेही प्रत्येक वेळी वरखाली. मी ओरडलो, ‘अगं, ये लवकर, लाइव्ह आहे!’ बायको कणकेच्या हाताने बाहेर आली, पडद्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, ‘पण आज पाऊस कुठाय?’

आणि मी तिला म्हणालो, डेमो आहे, तुला नाही कळायचं.

जानेवारीत मुंबईत कुठला लाइव्ह पाऊस? १९ वर्षं रोज मोजणाऱ्या माणसाला हे सुचू नये? कणीक मळणाऱ्या बाईला सुचलं. मी त्याला फोन केला तोही कौतुकाचा. वरवर विचारलं, आकडे वहीशी जुळत नाहीत रे. ‘डमी डेटा आहे काका, एंट्री झाली की खरे येतील.’ आता हेही खरं आहे की कामं अशीच होतात, आधी डमी डेटावर आलेख उभा करतात आणि मग खरा भरतात. म्हणजे उत्तर चुकीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी चौथा हप्ता भरला. एंट्रीचाच.

माझं ऐका, डेमोच्या आधी स्वतःचे दहा आकडे द्या, पाठ असलेले, आणि तेच दहा पडद्यावर दिसल्याशिवाय दमडी सोडू नका.

फेब्रुवारीनंतर फोन कमी झाले. ‘१ जूनला पासवर्ड देतो, मग तुम्ही रोज सकाळी आकडा टाकायचा.’ २०२५ चा मान्सून ऐकणार होता थोडाच, तो २६ मेलाच मुंबईत आला. सकाळी छत्री धरून गच्चीवर जायच्या आधी सहज साइट उघडली. ‘आजचा पाऊस: ८८ मिमी’. अरे! मोजपात्र अजून माझ्या हातात नाही, आकडा कुणी टाकला? पुन्हा लोड केलं. ९. पुन्हा, १०२. मी तिथेच खुर्चीत बसलो. त्या दिवशीची मोजणी साडेआठला झाली नाही, दहाला झाली. वहीत तसा शेरा मारलाय.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने उजवं बटण दाबून पानाच्या आतला मजकूर उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: मॅथ डॉट रँडम. ‘आजोबा, हे शून्य ते एकशेवीसमधला कुठलाही आकडा उचलतंय. दर वेळी नवीन.’ २,३१८ नोंदींपैकी एकसुद्धा त्यात नव्हती. मग तिने लायब्ररीची फाइल उघडली. चार्ट डॉट जेएस. सुरुवातीच्या ओळींतच लिहिलेलं, एमआयटी लायसन्स. म्हणजे फुकट, कुणीही वापरा, धंद्यासाठीसुद्धा. २१,२४० रुपये मी ज्याचे भरले ते कुणालाही आयतं मिळतं. बरं, सगळ्याच लायब्रऱ्या फुकट नसतात, हायचार्ट्ससारखीला व्यावसायिक वापरासाठी खरोखर पैसे पडतात, त्यामुळे ‘लायसन्स’ शब्दाने मी दचकलो नाही यात माझी फार चूक आहे असं मी मानत नाही. लायब्ररीचं नाव काय आणि लायसन्स कुणाच्या नावावर, हे लेखी मागायला हवं होतं, एवढी चूक मान्य.

डोमेन त्याच्या नावावर. फोन केला तर ‘ट्रान्सफरचे १५,००० होतील काका’, आणि मी आवाज चढवल्यावर ब्लॉक. डोमेन स्वतःच्या ईमेलवरून स्वतः विकत घ्या, वर्षाला काही शे रुपयांचं काम असतं.

आता सरकारी दारं. नावं कुणाचीच लिहीत नाही, या वयात नवीन खटला नको. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा गेलो तर ‘हे सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा.’ तिसऱ्यांदा पावणेदोन तास बाकावर बसून हवालदारासमोर फोन धरला. त्यांनी साइट उघडली, बोट फिरवलं, दांडे वरखाली झाले. म्हणाले, ‘चांगलं हलतंय की! काम तर करून दिलंय त्याने.’ मी म्हटलं, अहो, आकडे खोटे आहेत. ‘पावसाचेच ना?’ आणि शेजारचे दोघे हसले.

पावसाचेच ना! मग पैशांचे तरी खरे आहेत ना, ते लिहून घ्या की! खोटं बिल, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, न केलेल्या एंट्रीचे १४,१६०. पूर्वी याला ४२० म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणतात. हे मी त्यांना सांगितलं. ‘काका, तुम्ही तर बरंच वाचून आलाय,’ म्हणाले, आणि लेखी अर्ज, दोन झेरॉक्स, पुरावे पेनड्राइव्हमध्ये घेऊन यायला सांगितलं. घेऊन गेलो. पेनड्राइव्ह त्यांच्या मशीनला चालत नाही म्हणून सगळं छापून मागितलं. हलणारा आलेख कागदावर छापून नेला मी. तीन वेळा लोड करून तीन पानं, खाली वेळ लिहून. पोच म्हणून माझ्या प्रतीवर शिक्का मागितला तर शिक्का कपाटात, किल्ली दुसऱ्या शिफ्टकडे. तो मारून घेतल्याशिवाय हललो नाही. तुम्हीही हलू नका.

बँकेतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो. ‘मग ऑथोराइज्ड आहे सर.’ त्यांच्या लेखी माझ्या गळ्यावर सुरी असती तरच फसवणूक. मी खिशातून दिले, त्याने हसत घेतले, म्हणून तो व्यवहार. एका हेल्पलाइनने तक्रार नोंदवली आणि अकराव्या दिवशी ‘संबंधित पक्षाचा संपर्क होऊ शकला नाही’ म्हणून बंद केली. तो संपर्कात असता तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता?

पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी लाजेने नऊ दिवस कुणाला बोललो नाही, ते नऊ दिवस त्याच्या कामी आले. ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मी केली आहे. कागदपत्रांत दोन त्रुटी काढल्या, त्या भरून दिल्या, आता तारखेची वाट बघतोय.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीने दोन संध्याकाळी बसून गूगल शीटमध्ये २००६ ते २००९ भरून दिलं. शीटमधला आलेख तसाच पब्लिश करता येतो, बोट नेलं की आकडा दिसतो, पैसे शून्य. पुढची वर्षं मीच भरतोय, एका बोटाने, रोज एक महिना. २०११ पर्यंत आलोय. झेरॉक्स आणि छपाईचे आतापर्यंत ३४६ रुपये झाले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.