टुनाचा डबा: चव पास, लेबल एटीकेटी

धुळ्यात टुना मिळतो का असं जिमच्या ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतच असतं, म्हणून हा रिव्ह्यू. मिळतो. देवपुरातल्या मोठ्या सुपरमार्केटात एकदम मागच्या रॅकला, पास्ता न् ऑलिव्हच्या बाटल्यांशेजारी धूळ खात पडलेला असतो, एक्सपायरी तेवढी बघून घ्या. मी घेतला तो १८५ ग्रॅमचा, सनफ्लॉवर तेलातला, अडीचशेच्या आसपास पडला. कंपनीचं नाव देत नाही कारण पुढे जे रडगाणं आहे ते एका कंपनीचं नाहीचे, त्या रॅकवरच्या सगळ्याच डब्यांचं आहे.

आधी चव. रिंग ओढली की वर तेल आणि खाली फिक्कट तपकिरी तुकडे. बाहेर चंक्स लिहिलंय, पण चंक्स वरच्या थरालाच, खाली निम्मा भुगा. तेल निथळून १३० ग्रॅमच्या आसपास मासा उरतो, म्हणजे जेमतेम अर्धा पावशेर. नुसता खाल्ला तर कोरडा, खारट, जरा लोखंडी वास. पण बारीक कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, कोथिंबीर, लिंबू आणि अगदी चिमूटभर काळा मसाला (जास्त टाकला तर माशाचा पत्ताच लागत नाही, मग त्यापेक्षा शेवभाजीच करा ना) घालून कळण्याच्या भाकरीसोबत खाल्ला तर मस्त लागतो, खरंच मस्त. प्रोटीन लेबलप्रमाणे १०० ग्रॅमला पंचवीसेक, जिमवाल्यांचं काम झालं.

आता आमची आजी. तिला मासा म्हणजे तापीचा नाहीतर आठवडे बाजारातला सुका बोंबील. डबा हातात फिरवून म्हणे, "हाऊ मासा कोठला शे रे भो?" त्यासाठी मी मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली आणि तिथून पुढे दोन रात्री गेल्या.

तर लिहिलंय स्किपजॅक टुना, म्हणजे कोकणातल्या कुप्याच्या जातकुळीतला. कॅच एरिया एफएओ ५१. पॅक्ड इन थायलंड. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेने (तीच एफएओ) जगातले समुद्र नंबर देऊन वाटलेत त्यातला ५१ म्हणजे पश्चिम हिंद महासागर, आपला अरबी समुद्र धरून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत. म्हणजे मासा आपल्या अंगणातला, डब्यात भरायला गेला थायलंडला (डबाबंद टुना निर्यात करण्यात ते एक नंबर आहेत), आणि बोटीने परत येऊन कसारा घाट चढून धुळ्यात. बरं, तेही चालेल. खाली हिरव्या पानाचं चित्र काढून लिहिलंय 'रिस्पॉन्सिबली सोर्स्ड', माझे मार्क कापले गेले ते या ओळीला.

कारण जबाबदार कोण ते सांगा ना. १९८२ च्या समुद्र कायद्याने प्रत्येक देशाला किनाऱ्यापासून २०० नॉटिकल मैल, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंतचा हक्क दिला. जागेवर राहणाऱ्या माशाला ते ठीक, पण टुनाला कुठे माहीत मालदीवची हद्द कुठे संपली न् सोमालियाची कुठे लागली. तो आज इथे उद्या तिथे. अशा फिरत्या माशांसाठी कायदा म्हणतो की देशांनी मिळून कारभार करा. मिळून करा म्हणजे कोणाला किती, ते काही लिहिलेलं नाही. मग हिंद महासागराच्या टुनासाठी एक कमिशन बसवलं, ऑफिस सेशेल्समध्ये, सभासद तीसेक. आपणही आहोत, आणि हजारो मैल लांबचं युरोपियन युनियन पण आहे कारण स्पेन न् फ्रान्सच्या राक्षसी जाळ्यांच्या बोटी इथेच येऊन धरतात.

या कमिशनने २०१८ ते २०२० साठी स्किपजॅकची वर्षाची मर्यादा ठरवली, ४,७०,०२९ टन. शेवटचे २९ टनसुद्धा मोजले बघा, काय हिशोब! आणि २०१८ मध्ये धरला किती, तर ६ लाख टनांच्या वर. शिक्षा कोणाला झाली, तर कोणालाच नाही, कारण एकूण आकडा ठरला होता पण त्यात कोणत्या देशाचा वाटा किती हे ठरलंच नव्हतं. वाटे ठरवायच्या बैठका २०११ पासून चालू आहेत. आपल्याकडची वाटणीची केसही कधीतरी निकाली निघते राव.

भांडण नेमकं कशावर अडकलंय ते कळलं तेव्हा मला हसू आलं, कारण हे तर आपल्या कूळकायद्यासारखं झालं. मागची कित्येक वर्षं युरोपच्या बोटींनी पैसे भरून सेशेल्ससारख्या देशांच्या हद्दीत मासा धरला. आता वाटा ठरवताना आधी कोणी किती धरला ते बघायचं म्हणतात. मग तो जुना मासा कोणाच्या खात्यावर मांडायचा, बोटवाल्याच्या की ज्याच्या पाण्यात धरला त्याच्या? बोटवाले म्हणतात जमीन कसली ती आम्ही, किनाऱ्यावरचे देश म्हणतात सातबारा आमचा. फरक एवढाच की आपल्याकडे कूळ गरीब होतं, इथे कूळच मालकापेक्षा गब्बर.

बरं, नियम केला तरी पाळायलाच हवा असं नाही. या कमिशनमध्ये एखादा ठराव मतदानाने पास झाला आणि तुम्हाला पटला नाही, तर १२० दिवसांच्या आत ऑब्जेक्शन लिहून द्या, तो तुम्हाला लागूच नाही. आणि एक तृतीयांशपेक्षा जास्त सभासदांनी दिलं तर कोणालाच लागू नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत मोंबासाला अस्संच झालं. टुना गोळा व्हावा म्हणून या राक्षसी जाळ्यांच्या बोटी समुद्रात तराफे सोडतात, त्यांना जीपीएस लावलेलं असतं, सावलीला मासे जमले की खालून सगळं गुंडाळायचं. त्यात स्किपजॅकसोबत यलोफिनची (ही टुनाचीच दुसरी जात) बारकी पिल्लंही येतात, आणि यलोफिन जास्त उपसला जातोय असं कमिशनच्या शास्त्रज्ञांनी २०१५ लाच सांगितलं होतं. म्हणून वर्षातून ७२ दिवस हे तराफे बंद ठेवायचा ठराव मतदानाने पास झाला. युरोपियन युनियनने ऑब्जेक्शन दिलं, पाठोपाठ बाकीचे आले, एक तृतीयांशचा आकडा ओलांडला आणि ठराव गेला कचऱ्यात.

आणि नुसत्या युरोपला शिव्या घालून चालणार नाही. यलोफिन कमी धरायच्या ठरावावर आपल्या भारतानेही ऑब्जेक्शन दिलेलं आहे. आपलं म्हणणं असं की आमच्याकडे लहान बोटीवाले, पोटापुरतं धरणारे, समुद्र उपसला मोठ्यांनी आणि कात्री आम्हाला का. हे म्हणणं मला पटतं, पण प्रत्येक देशाकडे असंच एक पटण्यासारखं म्हणणं आहे आणि मासा एकच आहे. मासेमारीला मिळणाऱ्या सबसिडीचंही तेच, त्यावर जागतिक व्यापार संघटनेचा करार २०२२ ला जिनिव्हात झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला, आपण बाहेर. मोठ्या सबसिड्यांवरच्या पुढच्या करारात आपण विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची सूट मागितली, आणि २०२४ ला अबुधाबीत ते बोलणं तसंच लटकून राहिलं.

स्किपजॅकची अवस्था आजही चांगली आहे हं, हे सांगायलाच हवं, नाहीतर म्हणाल हा उगाच घाबरवतो. पटापट वाढतो, वर्षभर पिल्लं घालतो. पण म्हणजे तो टिकलाय तो स्वतःच्या जोमावर, त्या हिरव्या पानामुळे नाही. जे श्रेय माशाचं ते कंपनीने घ्यायचं, याचे मार्क मी देणार नाही.

डॉल्फिनचा शिक्का पण आहे झाकणावर, म्हणजे टुना धरताना डॉल्फिनला इजा केली नाही असा दावा. त्याचं फार कौतुक नको, डॉल्फिनच्या मागे लागून यलोफिन धरायची पद्धत ती पूर्व पॅसिफिकची, आपल्या डब्यातल्या स्किपजॅकला तो शिक्का फुकटात मिळतो.

रेटिंग म्हणाल तर चव साडेतीन, किंमत अडीच, लेबल एक. रोजच्यासाठी मी तर परत सुक्या बोंबलावर आणि धरणातल्या कटल्यावर जाणार, स्वस्त पडतं आणि विकणाऱ्या मावशीला विचारलं तर कुठला ते तोंडावर सांगते. घ्यायचाच असेल तर डब्यावर 'पोल अँड लाइन' लिहिलंय का बघा, म्हणजे गळाने एकेक करून धरलेला. आपल्या लक्षद्वीपला स्किपजॅक असाच धरतात, उकडून, धुरावून वाळवला की त्याचा मासमीन होतो. धुळ्याच्या रॅकवर असा डबा मला दिसला नाही, कोणाला जळगावला किंवा नाशिकला दिसला तर कळवा. आणि पाण्यातला घ्या, तेलातला नको, ते तेल शेवटी ओतूनच द्यावं लागतं. तो चिली फ्लेवरवाला मात्र अजिबात नका घेऊ, मिरची नुसती चित्रात, आमच्याकडे लहान पोराच्या खिचडीतसुद्धा त्याहून तिखट असतं.