'जंगलात कॅरव्हॅन लावून मुक्काम' विकणाऱ्यांपासून सावध राहा: आमचा ताडोबाचा अनुभव

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात बऱ्याच जणांच्या मोबाईलवर सध्या एक जाहिरात येते आहे. पांढरीशुभ्र कॅरव्हॅन (गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर), मागं उंच झाडं, समोर लाकडी टेबल, आणि खाली मजकूर: 'तुमच्या गाडीला जोडा, थेट नॅशनल पार्कमध्ये मुक्काम करा. परवान्यासह संपूर्ण पॅकेज.' ही जाहिरात देणाऱ्यानं आमच्याकडून भाड्याचे ४२ हजार, डिपॉझिटचे ४० हजार आणि 'जंगल पॅकेज'चे २७ हजार घेतले. त्या बदल्यात मिळाले खोटे पास, दुसऱ्याच वाहनाचा नंबर लावलेला ट्रेलर, आणि शेवटी धमक्या. प्रकरण पोलिसांत आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सगळी सांगतो.

आमच्या घरात जंगलाची ओढ बायकोमुळं आली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ती कॉलेजात असल्यापासून जाते. माळढोक आता तिथं दिसेनासाच झालाय, पण काळविटांचे कळप आणि नशीब असेल तर लांडगा बघायला आम्ही अजूनही पहाटे निघतो. आईला ताडोबाचा वाघ बघायचा होता. तिच्या गुडघ्यांमुळं लांबचा प्रवास अवघड, वाटेतल्या ढाब्यांवर कमोड मिळेल याची खात्री नाही. झोपायची सोय आणि संडास-बाथरूम बरोबर असलेली गाडी मिळाली तर आईचं जाणं होईल, एवढाच आमचा विचार होता. आजही तो विचार मला योग्यच वाटतो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरायला कॅरव्हॅनइतकी चांगली सोय नाही.

फोनवर तो माणूस फार गोड बोलायचा. "काही काळजी करू नका मालक, फॉरेस्टचे पास आमच्याकडंच होतात." आम्ही करारपत्र मागितलं, त्यानं शंभराच्या स्टॅम्पवर दिलं. पास मागितले, तेही दोन दिवसांत पीडीएफमध्ये आले. वर राजमुद्रा, खाली शिक्का आणि सही, मध्ये आमच्या सगळ्यांची नावं. त्यावर लिहिलं होतं: 'कोअर झोन कॅम्पग्राउंड, लूप बी, साईट क्रमांक १४, ट्रेलरची कमाल लांबी ३० फूट.' सोबत जागेचे फोटो होते. लोखंडी कडं बसवलेली शेकोटीची जागा, बाकडी जोडलेलं टेबल, आणि कोपऱ्यात तपकिरी रंगाची लोखंडी पेटी. मुलीनं विचारलं ही पेटी कशाची. तो म्हणाला, सामान ठेवायला लॉकर आहे.

ती पेटी अस्वलांपासून खाणं सुरक्षित ठेवायची आहे आणि तो फोटो अमेरिकेतला आहे, हे आम्हाला नंतर कळलं. इथंच या फसवणुकीची सगळी ताकद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत ही व्यवस्था खरोखर आहे. यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२ साली जाहीर झालेलं. त्याच्या हद्दीत १२ कॅम्पग्राउंड आणि २ हजारांहून जास्त ठरलेल्या जागा आहेत. प्रत्येक जागेला नंबर असतो, तिथं किती फुटांची गाडी मावेल ते आधीच दिलेलं असतं, जागांच्या गटांना 'लूप' म्हणतात. त्यातल्या फिशिंग ब्रिज या एकाच ठिकाणी ट्रेलरला पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, आणि ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळं तिथं तंबू चालत नाही, टणक भिंतींचीच गाडी लागते. लोक महिनोन् महिने आधी जागा आरक्षित करून ट्रेलर ओढत तिथं जातात. त्याचे व्हिडिओ आपण सगळेच घरी बसून बघतो. त्यामुळं 'लूप बी, साईट १४' वाचल्यावर कुणालाही ते खरंच वाटतं.

आपल्या व्याघ्र प्रकल्पांत अशी व्यवस्थाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि ताडोबात ती परवानगी सफारीच्या ठरलेल्या वेळेपुरती मिळते. वनविभागाकडं नोंद असलेल्या जिप्सीतून, गाईड बरोबर घेऊन जायचं आणि वेळ संपली की बाहेर यायचं. कॉर्बेटमधल्या ढिकालासारख्या काही ठिकाणी जंगलात मुक्काम करता येतो, पण तो वनविश्रामगृहात आणि वनविभागाच्याच आरक्षणावर. तुमची कॅरव्हॅन वाघाच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, रात्रभर उभी करायचा पास कुणी देत असेल तर तो पास खोटाच आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. गाडी आमची, चालवायला मी आणि माझा मेहुणा. तो मोहोळचा, ऊस वाहतुकीत वाढलेला. ट्रेलर ताब्यात घेताना तो खाली वाकून बराच वेळ बघत होता. उठल्यावर हळूच म्हणाला, "दाजी, हा एक्सल उसाच्या ट्रॉलीचा दिसतोय." मालकाला विचारलं तर उत्तर तयार होतं: "चेसिस भक्कम हवी म्हणून मुद्दाम तसा बनवून घेतलाय."

तुळजापूर, औसा, लातूर नीट पार पडलं. नांदेडच्या अलीकडं एक मोठा ट्रक वेगात शेजारून गेला आणि मागचा ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडं झोके घ्यायला लागला. स्टिअरिंग हातात राहीना. मागं आई आणि मुलं. मेहुण्यानं ब्रेक मारला नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, म्हणून आम्ही वाचलो. ढाब्यावर थांबून मागचं सामान उघडलं तर पाण्याची भरलेली टाकी, जनरेटर आणि गॅसची टाकी, सगळं वजन चाकांच्या मागच्या बाजूला. ओढायच्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढं हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या आकड्यावर, यावा लागतो. मागं वजन गेलं की पुढचा भाग हलका होतो आणि ट्रेलर डोलायला लागतो. शिवाय या ट्रेलरला स्वतःचे ब्रेकच नव्हते. चांगल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, हिचखाली एकमेकींना छेदून जाणाऱ्या दोन साखळ्या असतात, आणि जोड सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी वायर असते. आमच्याकडं एक गंजकी साखळी होती. आम्ही टाकी रिकामी केली, जनरेटर काढून आमच्या डिकीत घेतला आणि ताशी ५० च्या वर न जाता यवतमाळ, वणी करत चंद्रपूर गाठलं.

पैशांचं दुःख एका बाजूला. पण या माणसानं माझ्या आईला आणि लेकरांना अशा वाहनामागं हायवेवर पाठवलं, हे मी विसरू शकत नाही.

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर सोमवारी संध्याकाळी पोचलो. तिथल्या वनरक्षकानं पास हातात घेतला, दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाला, "सर, हा पास आमचा नाही. कोअरमध्ये रात्री कोणालाच थांबू देत नाही. अन् उद्या मंगळवार, मंगळवारी तर पार्क बंद राहते." आमच्या पासवर मुक्काम होता सोमवार रात्र ते बुधवार सकाळ. ज्यानं तो बनवला त्याला ताडोबाची साप्ताहिक सुट्टीही माहीत नव्हती. वनरक्षक आणि त्याचे साहेब आमच्याशी फार माणुसकीनं वागले. पासची एक प्रत त्यांनी ठेवून घेतली. गावातल्या एका होमस्टेवाल्यानं अंगणात ट्रेलर लावू दिला आणि आईला आतली खोली दिली. बुधवारच्या सफारीला जागा शिल्लक नव्हती. इरई धरणाच्या काठावरून आईला लांबून जंगल दाखवलं आणि परत फिरलो.

ट्रेलरवाल्याला फोन केल्यावर तो म्हणाला, "गेटवरच्या माणसाला नियम माहीत नाहीत, तुम्ही या, पॅकेजचे पैसे परत देतो." सोलापुरात ट्रेलर परत दिला तेव्हा पॅकेजचं नावच नाही. तो शिडी लावून थेट छताच्या मागच्या उजव्या कोपऱ्याकडं गेला. "इथला पत्रा उचकटलाय. डिपॉझिट तर जाईलच, वरून २५ हजार द्या." बायकोनं ट्रेलर घेतानाच सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढला होता. घरी तो मोठा करून बघितला. त्याच कोपऱ्यावर पांढऱ्या सिलिकॉनची ताजी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला पत्रा आधीच अर्धा इंच वर आलेला. म्हणजे तेच नुकसान बुजवून तो येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत असणार. व्हिडिओ पाठवल्यावर त्याचा सूरच बदलला. "तुमचा पत्ता आहे आमच्याकडं," असं बोलणं सुरू झालं.

त्या रात्री बायकोनं ट्रेलरचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकला. वाहनाचा प्रकार आला: शेतीचा ट्रेलर. जिल्हा वेगळा, इन्शुरन्स कधीचाच संपलेला. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, ओढणाऱ्या गाडीच्या कागदांवर तो चालत नाही. घरासारखा ट्रेलर असेल तर नोंदीत 'कॅम्पर व्हॅन' किंवा 'कॅरव्हॅन' असा उल्लेख असायला हवा. त्या दिवशी नांदेडजवळ अपघात झाला असता तर भरपाईचा दावा कुठं करणार होतो, या विचारानं आम्हाला झोप लागली नाही. भाड्याच्या कॅरव्हॅनचा नंबर आधी मागून घ्या आणि नोंदणी, इन्शुरन्स, फिटनेस तिथंच तपासा. पांढऱ्या पाटीवर काळे अंक, म्हणजे खासगी नोंदणीचं वाहन, कुणी भाड्यानं देत असेल तर व्यवहार तिथंच थांबवा.

पैसे कुठं गेले तेही बघण्यासारखं आहे. भाडं एका नावावर, डिपॉझिट 'मॅनेजर'च्या नावावर, जंगल पॅकेज तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर. करारातल्या व्यवसायाचं नाव तिन्हींत कुठंच नाही. सरकारी परवान्याचे पैसे वनविभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरले जातात आणि तिथं प्रत्येक पर्यटकाच्या ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. आमच्याकडून त्यानं नुसती नावं घेतली होती, ओळखपत्र एकाचंही मागितलं नाही.

कॅरव्हॅननं फिरायचं असेल त्यांनी हे वाचून बेत मोडू नये. महाराष्ट्र शासनाचं २०२१ चं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आहे, त्याखाली कॅरव्हॅन आणि कॅरव्हॅन पार्क यांची पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते. भाड्यानं देणाऱ्याकडं तो नोंदणी क्रमांक मागा. मुक्काम गेटच्या बाहेर एखाद्या रिसॉर्टच्या किंवा होमस्टेच्या आवारात, आधी बोलून ठरवा. मोहर्लीत एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचंही निवासस्थान आहे. सफारी स्वतःच्या हातानं, वनविभागाच्या संकेतस्थळावरून काढा. मंगळवार टाळा, आणि जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतो.

फसवले गेलात तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम खात्यात गोठवली जायची शक्यता जास्त. आमचे व्यवहार जुने झाले होते, तरी तक्रार नोंदवली गेली आणि तिचा क्रमांक पोलिस ठाण्यात कामाला आला. खोटा सरकारी पास ही नुसती फसवणूक नाही, बनावट दस्तऐवजाचा वेगळा गुन्हा आहे. अर्जात तो स्वतंत्रपणे लिहा, नाहीतर सगळं 'भाड्याचा वाद' म्हणून बाजूला पडतं. ग्राहक आयोगाकडंही जाता येतं. समोरचा कुठलाही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही सोलापुरातच केली आहे.

अर्ज गेल्यावर डिपॉझिटमधले १५ हजार न सांगता परत आले. मागोमाग निरोप आला: तक्रार मागं घ्या, उरलेले देतो. आम्ही मागं घेतलेली नाही. लातूरचं एक कुटुंब आम्हाला भेटलं आहे. त्यांच्याही पासवर 'लूप बी, साईट क्रमांक १४' आहे आणि त्यांच्याकडूनही छताच्या त्याच कोपऱ्याचे पैसे घेतलेत. असा पास तुमच्याकडं असेल तर फाडू नका, त्या माणसाबरोबरचे मेसेज पुसू नका, ट्रेलरचा एखादा फोटो असेल तर त्यात मागचा उजवा कोपरा दिसतो का बघा, आणि हे सगळं घेऊन तुमच्या पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. एकाच पासचे तीन-चार अर्ज वेगवेगळ्या ठाण्यांत असले तर हे प्रकरण भाड्याचा वाद म्हणून मिटवता येणार नाही.