शेवाळाचं औषध, पाच महिन्यांनंतर (आणि तो डाग)

जूनच्या शेवटी मागवलं होतं. अर्धा लिटर, ३४९ रुपये. आठवड्यात हुरळून पाच तारे दिले होते, ते परत घेतेय. आता दोन.

औषध काम करत नाही असं नाही. आमची गॅलरी उत्तरेला, त्यात डोंबिवलीचा पाऊस. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, सगळ्यांच्या बुडाशी हिरवी गादी. फवारलं आणि तिसऱ्या दिवशी शेवाळ काळं ठिक्कर.

पण डाग! कुंड्यांतून झिरपलेलं पाणी पांढऱ्या फरशीवर आलं आणि गंजाचे तांबूस ओघळ उमटले. औषध म्हणजे दुसरं काही नाही, पाण्यात विरघळवलेला हिराकस. त्यात लोखंड, मग फरशी तांबडी होणारच. ही सूचना बाटलीवर आहे, पण मुंगीच्या अक्षरांत आणि किमतीच्या स्टिकरखाली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, सील तोडलंय, परत घेता येणार नाही." सील न तोडता फवारायचं कसं, तेही सांगा की! लिंबू झालं, चिंच झाली, भांड्यांची पावडर झाली. डाग फिका झाला, गेला नाही. सध्या त्यावर पायपुसणं आहे. गॅलरीच्या मधोमध पायपुसणं का, असं येणारा प्रत्येक जण विचारतो.

गणपतीपर्यंत शेवाळ पुन्हा हजर. तेव्हा कुठे कढीपत्त्याची कुंडी उचलून पाहिली. खालचं भोक मुळांनी बुजलेलं, थाळीत पाणी साचलेलं. पानं पिवळी पडत होती त्याचा राग मी शेवाळावर काढत होते. त्याला बिचाऱ्याला धड मुळंही नसतात, ते झाडाचं काय खाणार? माती घट्ट, ओली आणि सावलीत राहिली की ते बसतं, एवढंच. भोक मोकळं केलं, थाळ्या काढल्या, कुंड्या विटांच्या तुकड्यांवर चढवल्या, जेवणाच्या जुन्या काट्याने वरची माती उकरली. पाणीही बोट खुपसून बघितल्याशिवाय घालत नाही. खर्च शून्य. कढीपत्त्याला नवी पालवी आहे. अर्थात पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन लागलं, त्याचाही हात आहेच.

मोगऱ्याच्या कुंडीत औषध पोचलं नव्हतं. तिथलं शेवाळ दिवाळीत बिल्डिंगमधली मुलं किल्ल्यासाठी खरवडून घेऊन गेली.

पाऊण बाटली शिल्लक आहे. कुणाचं अंगण मातीचं असेल तर फुकट घेऊन जा.