शहापुरातलं टायपिंगचं दुकान, जिथं माझी बोली बोलीच राहती

कथा लिहून ऑनलाईन टाकणारी आपण बेळगावात बरीच जण आहोत, त्यातल्या ज्यांना माझ्यासारखी आधी वहीत लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी हे लिहालोय. शहापुरात नाथ पै सर्कलवरनं आतल्या गल्लीत एक छोटं डीटीपीचं दुकान आहे, एक काँप्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि टायपिंग करणाऱ्या अक्का. वर्षभरात माझ्या 6 कथा तिथनंच टाईप होऊन गेल्यात, आणि मनापासून सांगतो, असं काम मला दुसरीकडं मिळालं नाही.

आधी काय झालं ते सांगतो म्हणजे कळेल. पहिली कथा दुसऱ्या एका दुकानात दिलेली. त्यांनी जुन्या फाँटात टाईप केली, कागदावर प्रिंट झकास, पण तोच मजकूर मोबाईलवर कॉपी केला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या फाँटात मराठी अक्षर इंग्रजीच्या जागेवर बसवलेलं असतंय, फाँट नसला की खालचं इंग्रजी वर येतंय. बरं ते जुन्या फाँटातला मजकूर बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधनं काढलं, तर कथेतला लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारी, "आचाऱ्यानं चूल पेटवली" असं वाक्य होतं, तिथं "आचार्यानं चूल पेटवली"! एकदा नाही, पाच ठिकाणी. त्यात भर म्हणजे बोली 'शुद्ध' करून दिलेली, "जेवालोय की गा" चं "जेवतो आहे रे". खानापूरकडचा माझा म्हातारा असं बोलेल काय? लई वाईट वाटलं, रात्रभर बसून दुरुस्त केलं.

अक्का सरळ युनिकोडमध्ये टाईप करतात, म्हणजे मोबाईलवरही मराठी मराठीच दिसतंय, आणि तेही इनस्क्रिप्ट ह्या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्डवर. शिफ्ट धरून इंग्रजी J चं बटण दाबलं की ऱ येतोय, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), मग य. एवढंच, पण "दऱ्या" आणि "दर्या" मध्ये डोंगर आणि समुद्राएवढं अंतर आहे आणि त्या कधी चुकत नाहीत. निवेदनातलं ऱ्हस्व-दीर्घ त्या स्वतः बघतात, पण कुणाच्या तोंडचं वाक्य आलं की पेन्सिलीनं खूण करून ठेवतात आणि मी गेलो की विचारतात, "काका, हे असंच ठेवू काय?" त्यांच्या घरात कन्नड, मराठी शेजारपाजाऱ्यांकडनं शिकलेल्या, म्हणून कान तयार आहे. माझ्या एका कथेत आजी नातवाला कन्नडमध्ये जेवलास काय विचारती, मी "ऊटा आयता" लिहिलेलं, त्यांनी स्वतः दोनदा म्हणून बघितलं आणि "ऊट आय्ता" केलं. आता ते वाक्य वाचताना मला माझी आजीच ऐकू येती.

माझी पद्धत अशी, वहीत कथा झाली की 15 दिवस तिच्याकडं बघायचं नाही, मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायची, जिथं अडखळलो तिथं खूण. मग दुकान. पहिलं प्रिंट 16 पॉइंटात घेतो, ओळींत भरपूर जागा सोडून, तांबड्या पेननं दुरुस्त्या, मग फायनल मजकूर व्हॉट्सअपवर, पीडीएफ नाही, साधा मजकूर. मोबाईलवर परत एकदा वाचतो कारण कागदावर बरा दिसणारा परिच्छेद तिथं भिंतीसारखा दिसतोय, तो तोडावा लागतोय.

पानाला 30 रुपये, दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत. अडचण एकच, लगनसराईत पत्रिकांच्या गर्दीत कथा दोन दोन आठवडे मागं पडती, लाईट गेली की काम ठप्प, घाई असेल तर पावसाळ्यात द्या. आणि वहीचं पान एकाच बाजूला लिहून न्या, मागची शाई पुढं उमटली की अक्कांना अनुस्वार कळत नाही.