शेल रिम्युला आर४ एक्स: पिकअपच्या टॉप-अपला कसं आहे?

गाडी बीएस४ किंवा त्याआधीची, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेली डिझेल पिकअप असेल आणि तिच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० ग्रेड व एपीआय (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था) सीआय-४ दर्जा छापला असेल, तर शेल रिम्युला आर४ एक्स १५डब्ल्यू-४० डोळे झाकून घ्यावं. मिनरल बेसचं ऑइल आहे, सिंथेटिकचा भाव पडत नाही, आणि माल लादून दिवसाला दोनदा घाट चढणाऱ्या इंजिनाला जे लागतं ते त्यात आहे. गाडी बीएस६ असेल आणि सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ असेल, तर हा डबा तुमच्यासाठी नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

डब्यावरच्या अक्षरांचा अर्थ आधी लावू, कारण दुकानात फसगत तिथेच होते. ‘४०’ म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान. ‘१५डब्ल्यू’चा संबंध थंडीशी: उणे २० अंशालाही ते इंजिन फिरू देईल इतकं पातळ राहतं. महाबळेश्वरची थंडी आणि चंद्रपूरचा मे महिना हे दोन्ही या पट्ट्यात आरामात बसतं. म्हणून ‘आपल्याकडे ऊन फार, दाट ऑइल घाल’ असं सांगून कोणी २०डब्ल्यू-५० पुढे केलं तर नको म्हणावं. दाट ऑइल सकाळच्या पहिल्या स्टार्टला टर्बोच्या बुशपर्यंत उशिरा पोचतं, आणि टर्बोची झीज बरीचशी त्या काही सेकंदांतच होते.

एपीआयचा सीआय-४ हा दर्जा २००२ मध्ये आला, तो ईजीआर असलेल्या डिझेल इंजिनांसाठी. ईजीआर धुराचा काही भाग परत सिलिंडरमध्ये ढकलतो, त्यामुळे काजळी ऑइलमध्ये जास्त उतरते. ती एकत्र येऊन गाळ होऊ नये, बारीक कणांतच तरंगत राहावी, हे या ऑइलचं मुख्य काम. दर्जा ठरवताना ०.५ टक्क्यापर्यंत गंधक असलेलं डिझेल गृहीत धरलं होतं. आज पंपावर मिळणाऱ्या बीएस६ डिझेलमध्ये ते १० पीपीएम, म्हणजे त्याच्या पाचशेव्या भागाइतकं. गंधकातून होणाऱ्या आम्लाची चिंता आता फारशी उरलेली नाही, काजळीची आहे. त्यामुळे नवं ऑइल टाकल्यावर काहीशे किलोमीटरांतच ते काळं झालं म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात काळं होणारं ऑइल आपलं काम करत असतं. रंगावरून ऑइल खराब ठरवणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यामुळे चांगली ऑइलं फुकट ओतली जातात.

आता डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. टॉप-अपच्या ऑइलबद्दल लिहायचं तर तिच्याबद्दल जास्त लिहावं लागतं, कारण चांगल्यात चांगलं ऑइल चुकीच्या मापावर टाकलं की नुकसानच करतं.

गाडी सपाट जागी हवी. पिकअपच्या बाबतीत हे कारपेक्षा महत्त्वाचं आहे. मागे पाट्यांचे स्प्रिंग असतात. रिकामी गाडी मागून उंच राहते आणि भरलेली मागे बसते. त्याबरोबर इंजिनही पुढे-मागे कलतं, आणि चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल एका बाजूला सरकून डिपस्टिकवर वेगळी खूण दाखवतं. म्हणून माप नेहमी एकाच अवस्थेत घ्यावं, शक्यतो रिकाम्या गाडीत आणि त्याच जागेवर. मार्केट यार्डाच्या उतारावर कांद्याच्या गोण्या भरलेल्या असताना घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

इंजिन गरम करून बंद केल्यावर किमान १० मिनिटं थांबा. हेडमध्ये आणि टॅपेट कव्हरखाली राहिलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला तेवढा वेळ लागतो. बंद केल्या केल्या पाहिलं तर पातळी कमी दिसते, लगेच अर्धा लिटर ओतला जातो आणि संध्याकाळी तीच पातळी खुणेच्या वर गेलेली असते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पाहिलं तरी चालतं, पण पुस्तिकेत यातलं जे सांगितलं असेल तेच पाळा.

डिपस्टिक काढा, पुसा, शेवटपर्यंत आत ढकला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजूंनी पाहा. नळीच्या भिंतीला घासून एका बाजूवर ऑइल वर चढलेलं दिसतं. खालची खूण दाखवणारी बाजू खरी. पुसायला धुतलेलं सुती फडकं घ्या. गॅरेजमध्ये सर्रास वापरतात ते कॉटन वेस्ट नको. त्याचे धागे डिपस्टिकबरोबर आत जातात आणि ऑइल पंपाच्या चाळणीवर जाऊन बसतात. चाळणी अर्धी बुजली की पातळी बरोबर असूनही प्रेशर पडतं, आणि मग दोष ऑइलच्या कंपनीला दिला जातो.

पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर काही करू नका. हे सांगावं लागतं, कारण ‘फुल’च्या रेघेला टेकवल्याशिवाय पुष्कळ ड्रायव्हरांना चैन पडत नाही. वरची खूण ही मर्यादा आहे. पातळी खालच्या खुणेजवळ आली की ऑइल टाकायचं, तेही एका वेळी पाव लिटर. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंतचं माप बहुतेक पिकअपमध्ये लिटरभराच्या आसपास असतं, पण तुमच्या इंजिनाचं नेमकं माप पुस्तिकेत असेल. नसेल तर पहिल्या टॉप-अपलाच काढून ठेवा: २५० मिलीलिटर मोजून ओतायचं, ५ मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पाहायची, खूण किती सरकली ते लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी अंदाजाने ओतावं लागत नाही.

ऑइल फिलरचं झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसून घ्या. उसाच्या नाहीतर खडीच्या वाहतुकीतल्या गाडीच्या बॉनेटखाली काय साचतं, हे ती चालवणाऱ्याला माहीत असतं. ती बारीक वाळू आत गेली तर बेअरिंगला पॉलिश पेपरसारखी घासते. नरसाळं ऑइलसाठी वेगळं ठेवा. डिझेलचं, ब्रेक ऑइलचं किंवा कूलंटचं नको. एक लिटरचा डबा ओतताना तोंडाची बाजू वर ठेवून आडवा धरा म्हणजे हवा आत जाते आणि धार गचके न खाता पडते. सांडलेलं ऑइल लगेच पुसा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलेलं ऑइल धूर करतं, आणि पुढचे दोन दिवस गळती शोधणाऱ्याची दिशाभूल करतं.

ऑइल फिल्टर बदलला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नवा फिल्टर रिकामा असतो. इंजिन मिनिटभर चालवलं की तो ऑइल पिऊन घेतो आणि डिपस्टिकवरची पातळी उतरते. ही गळती नव्हे. १० मिनिटं थांबून पुन्हा पाहा आणि मग कमी असेल तेवढंच भरा. जुन्या फिल्टरचा रबरी वॉशर ब्लॉकला चिकटून राहिला आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला, तर मात्र खरी गळती होते, आणि जोरात होते.

जास्त भरण्याची भीती घालतो ती उगाच नाही. पातळी वरच्या खुणेपलीकडे बरीच गेली की क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो आणि रवीने ताक घुसळावं तसा फेस काढतो. फेसात हवा असते, हवेने प्रेशर धरत नाही, बेअरिंग कोरडी पडतात. शिवाय ते ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून टर्बोच्या तोंडाशी आणि तिथून इंटरकूलरमध्ये जातं. डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळू लागलं, तर चावी बंद केली तरी ते थांबत नाही, उलट वेग घेत जातं. त्यामुळे जास्त झालेलं ऑइल काढायलाच हवं: चेंबरचा ड्रेन बोल्ट थोडा सैल करून, किंवा डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप आणि मोठी सिरिंज वापरून. दुसरी पद्धत बरी, कारण ड्रेन बोल्ट हलवला की त्याचा वॉशर बदलावा लागतो.

रिम्युलाचा दुसऱ्या कंपनीच्या ऑइलशी मेळ बसतो का, हा प्रश्न नेहमीचा. ग्रेड तीच आणि एपीआय दर्जा तोच असेल तर बसतो. वाटेत दुसरा डबा मिळाला नाही म्हणून पातळी खालच्या खुणेखाली ठेवून गाडी चालवण्यापेक्षा मिसळ कधीही बरी. मात्र मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० ऑइल टाकू नका. ते पेट्रोल इंजिन आणि ओल्या क्लचचा विचार करून बनवलेलं असतं, डिझेलची काजळी सांभाळणं त्याच्या हिशेबात नसतं. सुट्ट्या बॅरलमधलं ऑइल तर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

टॉप-अप वारंवार करावा लागत असेल तर ऑइलचा ब्रँड बदलून काही होणार नाही. १००० किलोमीटरला पाव लिटर कमी होत असेल तर भार वाहणाऱ्या जुन्या इंजिनात ते चालवून घेता येतं. त्याहून जास्त जात असेल तर जागा शोधा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ड्रेन बोल्टचा वॉशर, गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकचं मागचं ऑइल सील आणि टर्बोची रिटर्न नळी आधी पाहा. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असलेल्या गाड्यांत त्या पंपाची ऑइल नळीही तपासा. ती कडक होऊन तडकते आणि मेकॅनिकच्या नजरेतून हमखास सुटते. बाहेर कुठे ओल नसेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील गेलेलं आहे.

आणि पातळी आपोआप वाढली असेल तर ती कमी होण्यापेक्षा वाईट बातमी आहे. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळतो आहे. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरचा थर टिकत नाही. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसत असेल तर कूलंट आत आलं आहे, हेड गॅस्केटमधून किंवा ऑइल कूलरमधून. अशा वेळी ऑइल टाकायचं नाही आणि गाडी सुरूही करायची नाही.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो दिवा प्रेशरचा आहे, पातळीचा नाही. कसाऱ्याच्या वळणावर तो क्षणभर लुकलुकला, तर चाळणीने ऑइलऐवजी हवा ओढली असं समजा. गाडी बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा आणि १० मिनिटांनी डिपस्टिक पाहा.

डीपीएफच्या गाड्यांना रिम्युला आर४ एक्स का नको, ते आता. ऑइलमधले काही घटक जळल्यावर राख उरते. काजळी डीपीएफमध्ये जाळता येते, राख जळत नाही. ती साचत जाऊन फिल्टर कायमचा बुजवते. एपीआयच्या सीआय-४ नंतरच्या सीजे-४ आणि २०१६ च्या डिसेंबरपासून आलेल्या सीके-४ दर्जात या राखेवर १ टक्क्याची मर्यादा आहे. सीआय-४ मध्ये तशी मर्यादाच नाही. अशा गाडीत पाव लिटरचा टॉप-अपसुद्धा पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या ऑइलनेच करावा. अशा गाड्यांत आणखी एक होतं: गाडी रोज गावातल्या गावात फिरत असेल आणि डीपीएफची सफाई अर्धवट राहत असेल, तर त्यासाठी फवारलेलं डिझेल खाली उतरून ऑइलची पातळी वाढवतं. तिथे डिपस्टिक खालच्या खुणेइतकीच वरच्या खुणेसाठीही पाहावी लागते.

डबा घेताना झाकणाचं सील शाबूत आहे ना आणि बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख खोडलेली नाही ना, हे पाहा. पक्कं बिल घ्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने दोन भोकं पाडा, नाहीतर तोच डबा बनावट ऑइल भरून पुन्हा दुकानात येतो. काढलेलं काळं ऑइल वाळवीसाठी कुंपणाच्या लाकडांना फासायची किंवा बांधावर ओतायची पद्धत गावोगाव आहे. ते करू नका. ते जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते अधिकृत रीसायकलरकडेच जायला हवं. सर्व्हिस सेंटरला ते साठवून तिकडे पाठवावं लागतं, तेव्हा कॅनमध्ये भरून तिथे द्या.