आणीबाणीची वीज: जनरेटर घ्यावा की बॅटरी?

मालवाहू जहाजाची आणीबाणीची वीज डिझेल जनरेटरमधून घ्यावी की बॅटरीतून, हा निर्णय किमतीकडे पाहण्याआधी भारांची, म्हणजे त्या विजेवर काय काय चालवायचे त्याची, यादी मांडून करावा. समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय सोलास करार दोन्ही पर्याय मान्य करतो; अट अशी की आणीबाणीचे दिवे आणि संपर्कयंत्रणा यांसारख्या सेवांना मालवाहू जहाजावर १८ तास वीज मिळाली पाहिजे. प्रवासी जहाजासाठी ही मुदत ३६ तासांची आहे.

बॅटरीचा मोठा गुण म्हणजे तिला सुरू व्हावे लागत नाही; मुख्य वीज गेली की ती लगेच भार घेते. जनरेटरला आपोआप सुरू होऊन भार उचलण्यासाठी ४५ सेकंदांची मुभा आहे, आणि काळोख्या इंजिन रूममध्ये ती फार लांब वाटतात. मात्र अठरा तासांचा हिशेब केला की पारडे फिरते. किलोमागे ३५ वॅट-तास धरले, तर ३ किलोवॅटच्या भारासाठी दीड टनाच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या लागतात, आणि एवढे वजन लहान जहाजाला पेलते. भार ५० किलोवॅटचा असेल, तर हेच वजन पंचवीस टनांपुढे जाते. जनरेटर तेच काम सुमारे पावणेतीनशे लिटर डिझेलमध्ये करतो.

जनरेटर सर्वांत वरच्या सलग डेकच्या वर, स्वतःची इंधनटाकी आणि स्विचबोर्ड घेऊन उभा असतो, त्यामुळे इंजिन रूममध्ये आग लागली किंवा पाणी शिरले तरी तो चालू शकतो. त्याचे दुखणे निराळे आहे: चाचणीनंतर स्विच ‘मॅन्युअल’वरच राहतो, हवेचे फ्लॅप बंद राहतात, किंवा दर आठवड्याला तो बिनभार चालवून नोंदवहीत सही केली जाते. बॅटरीची देखभाल सोपी असली, तरी चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असल्यामुळे तिच्या खोलीत वायुवीजन लागतेच.

जहाज पुढे नेण्याची अपेक्षा दोहोंपैकी कशाकडूनही ठेवू नये. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरला ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली तेव्हा मुख्य इंजिनही बंद पडले आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळले; आणीबाणीच्या विजेवर प्रोपेलर फिरत नाही.

म्हणून आणीबाणीचा फायर पंप किंवा सुकाणूची मोटर याच विजेवर चालवायची असेल, तर जनरेटरच घ्यावा. दिवे, रेडिओ आणि धोक्याच्या घंटा एवढाच भार असलेल्या लहान जहाजाला माझ्या मते बॅटरी अधिक भरवशाची ठरते.